कपाटाच्या दारावरचा तक्ता

मंगळवार, ५ मे
उत्तरपत्रिका तपासणी केंद्र, दुसरा मजला

दादा,

नमस्कार, खुशाली, मोठ्यांना मान, लहानांना आशीर्वाद, हे सगळं आपापल्या जागी आहे असं धरून चाल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. हे पत्र समेटाचं नाही, कामाचं आहे. वाचून फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

यंदा बीजगणिताच्या पेपरची नियामक मी आहे. म्हणजे परीक्षकांनी तपासलेल्या गठ्ठ्यांतून थोड्या उत्तरपत्रिका उपसायच्या आणि कुणाचा हात सैल सुटलाय, कुणाचा आखडलाय ते बघायचं. खोलीत पंखा एकच आहे आणि तो माझ्या डोक्यावर नाही. चहा येतो तो कोमट, बिस्किटं मऊ. लाल शाई नखांत गेली आहे ती निघत नाही. दुपारी दोननंतर सगळ्या मुलांचं अक्षर मला एकच वाटायला लागतं. तुला हे सगळं माहीत आहे, तूही यात उभी हयात काढलीस.

प्रश्न तिसरा. पाच घटकांचा संच: इ, अ, ब, क, ड. खाली तक्ता. डावीकडचा एक घ्यायचा, वरचा एक घ्यायचा, दोघांच्या चौकटीत जो बसलाय ते त्यांचं उत्तर. ‘या क्रियेने हा संच गट होतो हे सिद्ध करा.’ नमुना उत्तर चार ओळींचं, गटाच्या एकेका अटीला एक ओळ. उत्तर कायम त्या पाचांतलंच येतं, बाहेरचं येत नाही, म्हणून संच संवृत्त. इ कुणाशीही मिळवला तरी समोरचा आहे तसाच राहतो, म्हणून इ अविकारक. प्रत्येक जण स्वतःशी मिळवला की इ मिळतो, म्हणून जो तो स्वतःचाच व्यस्त. आणि चौथी ओळ, कंस कुठेही टाकला तरी उत्तर तेच येतं याची: ‘साहचर्य तक्त्यावरून पडताळता येते.’

येतं की. पण पडताळलं कुणी? मुलांनी नाही, परीक्षकांनी नाही, आणि प्राश्निकाने, म्हणजे ज्याने पेपर काढला त्यानेही नाही. सगळ्यांनी ‘पडताळता येते’ एवढं लिहून दिलं आणि पैकीच्या पैकी घेतले.

एका मुलीने पडताळलं. नाव मला माहीत नाही, फक्त आसनक्रमांक दिसतो. मुलगी आहे हे कळलं कारण मध्येच तिने लिहिलंय, ‘सर, मी गोंधळले आहे.’ तिने अ, ब आणि ड घेतले. आधी अ-ब मिळवून मग ड घेतला तर उत्तर अ. आधी ब-ड मिळवून मग त्याला अ लावला तर उत्तर ड. तिघे तेच, क्रम तोच, फक्त कंस हलवला आणि उत्तर बदललं. मग हा गट कसला? पण प्रश्नात ‘सिद्ध करा’ म्हटलंय. म्हणून तिने ते पुन्हा केलं. खोडलं. परत केलं. पानंच्या पानं तेच. त्यात वेळ गेला आणि पुढचे दोन प्रश्न कोरे राहिले. परीक्षकाने समासात भोपळा दिलाय आणि शेजारी शेरा मारलाय, ‘प्रश्न नीट वाचा.’

या प्रश्नाचे गुण मिळाले तर ती उत्तीर्ण होते. नाही मिळाले तर वर्ष गेलं.

केंद्रप्रमुखांनी रीतसर शंका पाठवली होती. प्राश्निकाचं उत्तर आलं: ‘प्रश्न बरोबर आहे. नमुना उत्तराप्रमाणे गुण द्यावेत.’ खाली नाव नाही, सही नाही, नियमच तसा. पण तो तक्ता बघितल्याबरोबर मी ओळखला. अख्ख्या जगात तो आणखी एकाच ठिकाणी आहे.

नमुना उत्तर फक्त प्राश्निकाच्या लेखी दुरुस्तीने बदलतं. गुणांच्या याद्या वीस तारखेला बंद होतात. प्राश्निक कोण हे मला ठाऊक आहे असं इथे कळलं तर मला उद्याच घरी बसवतील, तेव्हा हे पत्र जपून ठेवू नकोस.

आई बरी आहे.

नियामक, गणित


शनिवार, ९ मे
घरी, दुपार

दादा,

उत्तर नाही.

आज सुट्टी होती म्हणून कपाट उघडलं. तेच, आईचं. जुनं घर सोडताना मी बाकी सगळं देऊन टाकलं, ते एक आणलं, कारण आईने त्याची मूठ सोडली नाही. दाराच्या आतल्या बाजूला तू तैलरंगाने काढलेला तक्ता अजून आहे. आईच्या साड्यांच्या घड्या तिथे घासून घासून एक कोपरा पुसट झालाय, पण वाचता येतो. मी पेपर हातात धरून एकेक चौकट लावून बघितली. सही न् सही तोच. आईच्या जागी इ, बाबांच्या जागी अ, तुझ्या जागी ब, आत्याच्या जागी क, आणि शेवटी, कोपऱ्यात, माझ्यासाठी ‘शेपूट’ लिहिलंय तिथे ड. तू स्वतःला आत्याच्या आधी घातलंस म्हणून ती किती फणकारली होती आठवतं? बाबांची बहीण ती, आपल्या घरात राहायची, पण मान कुणापेक्षा कमी घ्यायची नाही.

नियम तुझेच. भांडण कुणी काढलं ते डावीकडे, कुणाशी काढलं ते वर, आणि चौकटीत जो असेल त्याने जाऊन मिटवायचं. भांडणाऱ्या दोघांपैकी कुणी पंच व्हायचं नाही. बाहेरच्याला बोलवायचं नाही. आईशी कुणाचं वाजलं तर सुरुवात कुणाचीही असो, निस्तरायचं त्यानेच, आईला त्रास नको. आणि कुणी एकटाच रुसून बसला तर त्याची समजूत आईने काढायची. तू माझ्याशी भांडलास तर आत्या. मी तुझ्याशी भांडले तर बाबा. प्रत्येक ओळीत प्रत्येक जण एकदाच, म्हणजे कुणाच्या वाट्याला जास्त काम नाही. केवढा खूश झाला होतास तू! बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला होता.

तुझ्यामुळे मी गणिताला लागले. आता कुठे लागले आणि कशाला लागले, असं मला मे महिन्यात दरवर्षी वाटतं, ते सोड. पण पुढे तूच मला शिकवलंस ना, की पाच घटकांचा गट असेल तर त्यात अविकारक सोडून कुणीही स्वतःचा व्यस्त असूच शकत नाही? तुझ्या तक्त्यात तर सगळेच आहेत. पाचांच्या गटात क्रम उलटला तरी उत्तर तेच यावं लागतं, हेही तूच शिकवलंस. इथे उलटलं की पंच बदलतो. एका नजरेत दिसतं, दादा. इतकी वर्षं शिकवून तुला ते दिसलं नाही, कारण तू बघितलंच नाहीस. घरचं आहे म्हणून धरून चाललास.

बाबांच्या शेवटच्या आजारातही तू असाच धरून चालला होतास. त्यांचं ऑपरेशन करायचं नाही हे बाबा आणि तू, दोघांनी बसून ठरवलंत आणि मला फोन आला तो ठरल्यावर. असो. तो विषय मी काढणार नव्हते.

आईने विचारलं, कुणाला लिहितेस? मी म्हटलं, कामाचं आहे.

तुझी बहीण


गुरुवार, १४ मे
केंद्र, जेवणाची सुट्टी

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं तर. पुन्हा इथे उतरवते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही दिसेल:

‘पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. ही माझी शेवटची प्रश्नपत्रिका. शेवटच्या पेपरात घरचा तक्ता घालावा असं वाटलं, कुणाला कळणार नव्हतं. तो आपल्या घरात इतकी वर्षं चालला, कधी अडला नाही. मुलीने चौकट चुकीची वाचली असेल. माझ्या पेपरला आजवर कधी दुरुस्ती निघालेली नाही. आणि बाबांचा विषय काढू नकोस, ते भांडण तू सुरू केलंस.’

आधी मुलीचं. तिने चौकट चुकीची वाचलेली नाही. कागद घे, मुकाट्याने कर. अ-ब: क. मग क-ड: अ. आता दुसरीकडून. ब-ड: क. मग अ-क: ड. एकीकडे अ, एकीकडे ड. झालं. त्या पोरीने हे पाच मिनिटांत काढलं आणि पुढचा सगळा वेळ स्वतःवर संशय घेण्यात घालवला, कारण पेपर काढणारा मोठा माणूस चुकेल असं तिच्या मनाला शिवलं नाही.

आता ‘कधी अडला नाही’ याचं.

काल तुझा कागद टेबलावर राहिला होता. आईने अक्षर ओळखलं. मग काय, वाचून दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. ‘कधी अडला नाही’ इथवर आले आणि ती हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, “कुठला चालतोय? दोघांचं भांडण असलं तर ठीक. तिघं एकमेकांत अडकले की तुम्ही सगळे दारापाशी जाऊन उभे. हे म्हणायचे इथून मोजा, तू म्हणायचास तिथून मोजा. आत्याबाई तिसरंच. भांडण राहिलं बाजूला, तक्त्यावरूनच जुंपायची.”

मी म्हटलं, मग मिटायचं कसं?

म्हणाली, “मी दूध उतू घालवायची.”

दादा, ती ते मुद्दाम करायची. गॅस मोठा करून बाजूला उभी राहायची आणि वेळ झाली की ओरडायची. सगळे स्वयंपाकघरात धावायचे, कुणी फडकं, कुणी पातेलं, आणि पुसून होईस्तोवर कोण कुणाशी का भांडत होतं हे विसरलेलं असायचं. बाबा तर तिला म्हणायचे, तुझं लक्ष नसतं. आत्या म्हणायची, वहिनी वेंधळी आहे. तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं का नाही सांगितलंस, तर म्हणाली, “पोराने एवढ्या हौसेने काढलेला तक्ता. त्याला कशाला सांगू चालत नाही म्हणून?”

तू तिला इ केलंस. कुणाशीही मिळवा, काही बदलत नाही. आणि तो तक्ता उभा होता तो तिच्या जळक्या पातेल्यांवर.

गणितातून जगण्याचे धडे काढणाऱ्या लोकांचा मला वैताग येतो. आमच्या स्टाफरूममध्ये एक आहेत, त्यांना प्रत्येक समीकरणात संसार दिसतो. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय. पण त्या मुलीने नेमके तेच तिघे घेतले, त्याला मी काय करू? अ, ब, ड. बाबा, तू, मी.

आधी बाबा आणि तू बसलात, मग मला सांगितलंत. उत्तर बाबांवर पडलं. त्यांनी ठरवलं, त्यांनीच सोसलं, आणि मी पोचले तेव्हा ते बोलत नव्हते. आधी तू आणि मी बसलो असतो, मग दोघं मिळून त्यांच्याकडे गेलो असतो, तर ते माझ्यावर पडलं असतं. मी त्यांना इकडे आणलं असतं. कदाचित ऑपरेशन तरीही केलं नसतं. तेच बरोबर होतं असं आता मलाही वाटतं. राग ऑपरेशनचा नाही. राग कंसाचा आहे. तू मला कंसाबाहेर ठेवलंस.

आणि सुरुवात कुणी केली म्हणशील तर बाबा गेल्यावर जुन्या घराच्या फाटकापाशी आपलं वाजलं, तेव्हा पहिला शब्द तुझा होता.

याद्या बुधवारी बंद होतात.

बहीण


सोमवार, १८ मे
घरी, सकाळ

दादा,

आई बरी आहे असं मी लिहिलं होतं. ती बरी नाही. बऱ्याच दिवसांपासून नाही. शनिवारी न्हाणीघरात घसरली, मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. ते भरेल. पण डॉक्टरांनी बाहेर बोलावून छातीचंही सांगितलं, ते भरणारं नाही. तुला सांगणार नव्हते, कारण तू आलास तर माझ्यामुळे नाही, आजारपणामुळे आलास असं झालं असतं. हा शहाणपणा किती दिवस पुरतो ते बघत होते. नाही पुरला.

मला आता कशाचाच उत्साह नाही. सकाळी तिचं आवरायचं, शेजारच्या काकूंच्या हवाली करायचं, केंद्रावर जायचं, गठ्ठे, लाल शाई, परत यायचं, तिचं जेवण, औषध. आरशात बघितलं की आत्या दिसते, तिच्या शेवटच्या दिवसांतली.

शुक्रवारी मी माझ्या सहीने लिहून दिलं की प्रश्न चुकीचा आहे. केंद्रप्रमुखांनी वाचलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, “मॅडम, तुमचं गणित चोख असेल, मी कोण बोलणार? पण नियमात प्राश्निक लागतो. आणि एका नंबरासाठी तुम्ही एवढा जीव का काढताय? पुढच्या वर्षी बसेल की परत.” कागद त्यांनी पेपरवेटखाली ठेवला. तिथे आधीच बरेच कागद होते.

का जीव काढतेय, ते तुला सांगते.

मी सहावीत असताना बाईंनी एक उदाहरण घातलं होतं, पाण्याच्या टाकीचं. माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नव्हतं. मी ते रडत रडत पुन्हा पुन्हा सोडवत होते. पानं फाटली खोडरबराने. तू कॉलेजातून आलास, चपला न काढता शेजारी बसलास, पाटी घेतलीस, सोडवलंस. मग म्हणालास, “शेपटे, पुस्तक चुकलंय.” मी म्हटलं, पुस्तक कसं चुकेल? म्हणालास, “माणसानेच लिहिलंय ना?” आणि दुसऱ्या दिवशी माझा हात धरून शाळेत आलास, बाईंसमोर फळ्यावर सोडवून दाखवलंस. बाई चिडल्या होत्या. तू हटला नाहीस. त्या दिवसापासून मी गणिताला घाबरले नाही. तुझ्यावर कितीही रागावले तरी ते एक माझ्याकडून पुसलं जात नाही.

त्या मुलीच्या शेजारी चपला न काढता बसणारं कुणी नव्हतं. तिचं पुस्तक तू आहेस.

तुझ्या पेपरला आजवर दुरुस्ती निघाली नाही, हे मला माहीत आहे. तुझा अभिमान मला कळतो, घरात सगळ्यांत जास्त मीच तो मिरवलाय. पण आता मी थकले आहे आणि माझ्याकडे आणखी युक्तिवाद नाहीत. परवा दुपारपर्यंत कागद आला तर आला.

तुझी
बहीण


शनिवार, २३ मे
घरी, दुपार

दादा,

कागद बुधवारी आला. टपाल जेवणाच्या सुट्टीनंतर येतं, तोवर मी आशा सोडून डबा धुवायला गेले होते. शिपाई शोधत आला. केंद्रप्रमुखांनी माझ्यासमोरच लिफाफा फोडला आणि मोठ्याने वाचलं:

‘प्रश्न क्रमांक तीन चुकीचा आहे. दिलेला संच गट नाही. चूक प्राश्निकाची आहे, अन्य कुणाची नाही. ज्यांनी हे दाखवले त्यांना पूर्ण गुण द्यावेत. ज्यांनी प्रश्नावर विश्वास ठेवून उत्तर लिहिले त्यांचेही गुण कापू नयेत.’

सोबत अ, ब, ड ची मांडणी, तुझ्या अक्षरात, पायरी न गाळता, जशी तू फळ्यावर करायचास. आणि खाली तुझी पूर्ण सही. केंद्रप्रमुख दचकले. “अहो, यांनी सही कशाला केली? नाव गुप्त ठेवायचं असतं!” म्हणत त्यांनी त्यावर घाईघाईने हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला काही दिसलं नाही असं मी दाखवलं, आणि खरंच मला तेव्हा नीट काही दिसत नव्हतं.

भोपळा मी स्वतः खोडला. शेजारी गुण लिहिले, सही केली. ती उत्तीर्ण झाली आहे. काठावर, पण झाली. तिला यातलं कधीच काही कळणार नाही. निकाल बघेल, आणि आपण बरोबर होतो एवढं समजेल. तेवढं पुरे.

आता घरचं. तुझ्या लिफाफ्यात मला वेगळी चिठ्ठी नव्हती, असणार कशी. पण परवा संध्याकाळी तुझा फोन आईला आला. ती तुझ्याशी बोलली, मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. मग तिने माझ्याकडे फोन धरला आणि तू ठेवून दिलास. किंवा कट झाला. मी कट झाला असं धरून चालते आहे.

त्यानंतर मी कपाटापाशी गेले. बाबा नाहीत, आत्या नाही. मी दोन ओळी आणि दोन रकाने हाताने झाकले. उरलो आपण तिघं, आई, तू, मी. आई आणि तू एवढंच घेतलं तर तक्ता चालतो, उत्तर तुमच्या दोघांतच राहतं. आई आणि मी घेतलं तरी चालतो. इतकी वर्षं आपण तसंच चालवलं, तू तिला फोन करायचास, मी तिला सांभाळायचे. पण तिघांना एकत्र घेतलं की संपलं. तू माझ्याशी भांडलास तर आत्या यायला हवी. मी तुझ्याशी भांडले तर बाबा यायला हवेत. दोन्ही उत्तरं आता घरात नाहीत. सुरुवात कुणी केली यावर आपण इतकी वर्षं वाद घालतोय, आणि कुणीही केली असली तरी मिटवायला येणारं माणूस मेलेलं आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी हा विषय शिकवते.

मग मी नवा केला. तिघांचा. तुला ठाऊकच आहे, तिघांचा तक्ता एकच होतो, आई इ राहणार असेल तर दुसरा होतच नाही. मी सगळे कंस फिरवून बघितले, या वेळी ‘पडताळता येते’ नाही, पडताळलं. तो असा: तू एकटा रुसून बसलास तर समजूत मी काढायची. मी रुसले तर तू. तुझं-माझं वाजलं तर आई. त्यात सुरुवात कुणी केली याने काहीही फरक पडत नाही, दोन्हीकडून उत्तर तेच येतं. आणि जुन्या तक्त्यात तू तुझाच व्यस्त होतास, मी माझी. आपापलं आपण निस्तरत होतो. यात तुझा व्यस्त मी आहे.

दादा, मला तू हवा आहेस. हे गणिताशिवायही लिहिता आलं असतं, पण मला तेवढं धाडस नाही.

आईला वाचून दाखवलं. तिने प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे तुमच्या दोघांचं मिटवायला शेवटी मीच?” म्हटलं, हो. म्हणाली, “मग त्याला लिही, लवकर ये. मी काय अमरपट्टा घेऊन आलेली नाही.”

ते खरंच आहे. तिच्यानंतर दोघंच उरतो, आणि दोघांच्या तक्त्यात एकाला इ व्हावं लागतं. ते तुलाही जमणार नाही आणि मलाही. कुणाला तरी शिकून घ्यावं लागेल, आणि शिकवणारी अजून आहे तोवरच.

कपाटाच्या दुसऱ्या दाराची आतली बाजू मी पुसून ठेवली आहे. रंग आणि ब्रश तू आण. मला सरळ रेघ मारता येत नाही, हे तुला माहीत आहे. आणि फाटकाची कडी आतून सरकवलेली असते, हात घालून काढावी लागते. हाक मारत बसू नकोस, आई धावत यायला बघते.

दूध मी जास्तीचं सांगून ठेवलं आहे.

शेपूट